रेड ६ अचानक मंदावलं: आठ डिस्क बदलण्याआधी कॅशची बॅटरी बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर लगेच सांगता येईल. ऑफिसमध्ये लिनक्सचा एक रॅक सर्व्हर आहे. त्यात मेगारेड घराण्यातलं १ जीबी कॅशचं (डेटा तात्पुरता धरायच्या मेमरीचं) हार्डवेअर रेड कार्ड, म्हणजे सगळ्या डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड, आहे आणि त्याला ४ टीबीच्या ८ एसएएस डिस्क जोडल्या आहेत, ७२०० आरपीएमच्या, रेड ६ मध्ये, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकेल अशा एकाच गटात (ॲरेत). त्यावरच बिलिंगचा पोस्टग्रेस डेटाबेस चालतो आणि सगळ्यांचं शेअर्ड फोल्डरही तिथेच आहे. काही वर्षं कसलाही त्रास नव्हता. गेल्या दोन-तीन आठवड्यांपासून एक बिल सेव्ह व्हायला आठ-दहा सेकंद लागतात. सर्व्हरवर मोठी फाइल लिहिताना वेग सेकंदाला २५ एमबीच्या आसपास अडकतो, पण तीच फाइल वाचताना ४०० एमबीच्या वर जातो. सगळ्या डिस्कचे दिवे हिरवे आहेत. एएमसीवाले म्हणतात की डिस्क जुन्या झाल्या, आठही बदला, नाहीतर एसएसडी घ्या. हा खर्च करावा का, असं तुम्ही विचारलंय.

आज तरी करू नका. आठ डिस्क एकाच पंधरवड्यात एकदम म्हाताऱ्या होत नाहीत. एखादी बिघडते, आणि ती बिघडली की वाचन आणि लेखन दोन्हींना फटका बसतो. तुमच्याकडे वाचन धडधाकट आहे, बसलंय ते फक्त लेखन, आणि तेही एका विशिष्ट दिवसापासून. म्हणून डिस्क किती वेगवान आहेत हा प्रश्न मी बाजूला ठेवेन. त्या दिवशी काय बदललं, हे शोधायचंय. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय कार्डाच्या राइट कॅशवर आहे: कॅशची बॅटरी गेली असणार आणि कार्डाने स्वतःहून राइट-बॅक (आधी कॅशमध्ये घेऊन नंतर डिस्कवर लिहिणं) सोडून राइट-थ्रू (डिस्कवर पोचल्यावरच ‘लिहिलं’ म्हणणं) धरलं असणार. खात्री कार्डाचा लॉग बघितल्यावरच होईल, पण असं वर्णन आलं की बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

तपासाला हात घालण्याआधी एक काम करा. डेटाबेसचा ताजा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची फाइलमधली प्रत, काढा, तो दुसऱ्या मशीनवर हलवा आणि तिथे खरोखर रिस्टोअर होतोय का ते बघा. डंपची फाइल तयार झाली म्हणजे बॅकअप झाला असं धरू नका. कार्डाचं सध्याचं पूर्ण कॉन्फिगरेशन आणि इव्हेंट लॉग फाइलमध्ये उतरवून तेही सर्व्हरबाहेर ठेवा. आणि तपास चालू असताना कोणीही डिस्क ओढून बघायची नाही, ‘इनिशिअलाइझ’ला हात लावायचा नाही, ‘फॉरेन कॉन्फिग क्लिअर’ करायचं नाही. संथ ॲरेतला डेटा शाबूत असतो. घाईत दाबलेल्या एका बटणाने तोच गेलेला मी पाहिलाय.

आता कॅश गेल्याने एवढा फरक का पडतो ते बघू, कारण हे आकडे हाताशी असले की एएमसीवाल्यांशी नीट बोलता येतं. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर न्यायला साधारण ८ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या जागी लिहायचं किंवा वाचायचं तर एक डिस्क सेकंदाला ७५-८० कामं करते. आठ डिस्क धरल्या तर सहाशेच्या थोडं वर. रेड ६ मध्ये मात्र एक छोटा तुकडा लिहायला एक काम पुरत नाही. जुना डेटा वाचायचा, दोन्ही जुन्या पॅरिटी (डिस्क गेल्यास डेटा परत काढायला ठेवलेली जादा माहिती) वाचायच्या, नव्या पॅरिटीचं गणित करायचं, मग तिन्ही परत लिहायच्या. अशी एकूण सहा कामं. सहाशेला सहाने भागा: सेकंदाला शंभरेक लेखनं. तुमच्या या आठ डिस्कची विखुरलेल्या लेखनाची खरी ताकद एवढीच आहे, आणि त्या नव्या होत्या तेव्हाही एवढीच होती.

मग इतकी वर्षं कोणाला जाणवलं कसं नाही? कारण मध्ये कॅश होती. राइट-बॅकमध्ये कार्ड डेटा स्वतःच्या मेमरीत घेतं आणि मिलिसेकंद उलटायच्या आत ‘लिहिलं’ असं कळवून टाकतं. डिस्कवर तो नंतर सवडीने जातो, आणि जाताना शेजारशेजारचे तुकडे एकत्र करून जातो. हे एकत्र करणंच फार मोलाचं आहे. समजा स्ट्रिप, म्हणजे एका डिस्कवर जाणारा तुकडा, २५६ केबीची आहे. आठ डिस्कच्या रेड ६ मध्ये दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला जाते, उरलेल्या सहा डिस्कचा डेटा म्हणजे एक पूर्ण पट्टा दीड एमबीचा झाला. कॅशमध्ये तो सबंध पट्टा जमला तर जुनं काहीच वाचावं लागत नाही. पॅरिटी थेट काढायची आणि आठही डिस्कवर एकदम लिहून मोकळं व्हायचं. राइट-थ्रूमध्ये असं जमवायला जागाच उरत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमकडून येणारे तुकडे सहसा दीड एमबीपेक्षा लहान असतात, त्यामुळे सलग मोठी फाइल लिहितानाही प्रत्येक तुकड्याला ‘आधी वाच, मग लिही’ करावं लागतं. तुमचा २५ एमबीचा आकडा याच जातीचा आहे. वाचताना पॅरिटीचा संबंधच येत नाही, म्हणून ४०० एमबी सुखरूप आहेत.

बिल सेव्ह होताना काय होतं तेही बघा. प्रत्येक कमिटला, म्हणजे बदल पक्का करताना, पोस्टग्रेस आपला लॉग एफसिंक करतो (डिस्कवर उतरवायला लावतो) आणि ‘पक्कं लिहिलं गेलं’ असं उत्तर येईपर्यंत थांबतो. कॅश असेल तर हे उत्तर लगेच येतं. नसेल तर दर वेळी डिस्कचे फेरे मोजावे लागतात. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर बिलातली प्रत्येक ओळ स्वतंत्र कमिट करत असेल, आणि बरीच सॉफ्टवेअर तसं करतात, तर तीस ओळींचं बिल म्हणजे एकामागून एक तीस वेळा थांबणं. त्यातच कोणीतरी शेअर्ड फोल्डरमध्ये व्हिडिओ टाकत असेल तर ही सगळी कमिट त्याच्यामागे रांगेत उभी राहतात. आठ-दहा सेकंद असेच होतात.

तपासायचं कसं? मेगारेड कार्डाला स्टोअरसीएलआय हे कमांडचं साधन चालतं. डेलच्या पर्क कार्डांना तेच पर्कसीएलआय नावाने मिळतं. जुन्या मशीनवर मेगासीएलआय असेल. व्हर्च्युअल ड्राइव्हची (आठ डिस्क मिळून कार्ड जी एक डिस्क दाखवतं तिची) माहिती मागा आणि कॅशचा रकाना बघा. डब्ल्यूबी असेल तर राइट-बॅक, डब्ल्यूटी असेल तर राइट-थ्रू, एडब्ल्यूबी असेल तर बॅटरी असो-नसो जबरदस्तीने राइट-बॅक. इथे एका ठिकाणी बरेच जण फसतात. मेगासीएलआयमध्ये दोन ओळी येतात, ‘डिफॉल्ट कॅश पॉलिसी’ आणि ‘करंट कॅश पॉलिसी’. डिफॉल्टसमोर राइटबॅक दिसलं की माणूस पुढे जातो. बघायची असते करंटची ओळ, कारण बॅटरी गेली की डिफॉल्ट तशीच राहते आणि करंट तेवढी राइटथ्रू होते. स्टोअरसीएलआयच्या सविस्तर माहितीत ‘राइट कॅश’च्या पुढे ‘इनिशियल सेटिंग’ असं लिहिलेलं असतं. ती सेट केलेली पॉलिसी आहे, चालू स्थिती नाही. एचपीच्या स्मार्ट ॲरे कार्डावर एसएसएसीएलआयमध्ये ‘कॅश स्टेटस’च्या पुढे ‘टेंपररिली डिसेबल्ड’ आलं तर समजून जा.

त्यानंतर इव्हेंट लॉग उघडा आणि एक ओळ शोधा: ‘बीबीयू डिसेबल्ड, चेंजिंग डब्ल्यूबी व्हर्च्युअल डिस्क्स टू डब्ल्यूटी’. बीबीयू म्हणजे कॅशची बॅटरी. शब्द कार्डागणिक थोडे वेगळे असतील. ही ओळ सापडली तर तिची तारीख तुमच्याकडे पहिली तक्रार आली त्या तारखेशी ताडून बघा. दोन्ही जुळल्या तर एएमसीवाल्यांना दुसरा पुरावा द्यायची गरज नाही. तारखा ताडताना लॉगची वेळ यूटीसीमध्ये (आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे) असू शकते हे ध्यानात ठेवा.

आता बॅटरीबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्या हवामानात हा विषय जास्त महत्त्वाचा आहे. कॅश म्हणजे साधी रॅम. वीज गेली की त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून कार्डाला एक लिथियमची बॅटरी जोडलेली असते आणि ती त्या रॅमला काही काळ, साधारण दोन-तीन दिवस, जिवंत ठेवते. नव्या कार्डांत बॅटरीऐवजी सुपरकॅपॅसिटर आणि फ्लॅश असते; वीज जाताच कॅपॅसिटरच्या जोरावर कॅशमधला डेटा फ्लॅशमध्ये उतरवला जातो. दोन्ही प्रकारांत आधार निकामी झाला, किंवा त्याची खात्री वाटेनाशी झाली, की कार्ड राइट-बॅक बंद करतं. कार्डाचं वागणं बरोबरच आहे, तुमचा डेटा वाचवण्यासाठीच ते मंद होतं. पण ते कोणाला ओरडून सांगत नाही. बॅटरी गेल्याचं पुढच्या पॅनलवरच्या डिस्कच्या दिव्यांत दिसत नाही. म्हणूनच तुमच्याकडे सगळं हिरवं आहे.

उष्णतेने लिथियमचं आयुष्य झपाट्याने घटतं. सहा वाजता ऑफिस सुटलं की एसी बंद, खोलीला खिडकी नाही, सर्व्हर मात्र रात्रभर चालू, ही मांडणी मी किती ठिकाणी पाहिली असेल. अशाच एका ठिकाणी एप्रिल-मेच्या आसपास बॅटरी जायची, नवी घातली की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. कार्ड सर्व्हरच्या मागच्या बाजूला, प्रोसेसरची गरम हवा नेमकी त्यावरून जाणारी. तिथे सर्व्हरच्या खोलीचा एसी वेगळा केला आणि कार्डाशेजारच्या रिकाम्या स्लॉटवर निघून गेलेली पत्र्याची पट्टी परत बसवली, म्हणजे हवा सरळ वाहू लागली. पुढे ती तक्रार आली नाही. तेव्हा बॅटरीची माहिती बघताना तापमानाचा आकडाही बघा. ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ शेजारीशेजारी ठेवून वाचा. दुसरा आकडा पहिल्याच्या पार खाली आला असेल तर बॅटरी संपली. नवी मागवताना तिच्यावरची उत्पादनाची तारीख विचारा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेली लिथियम बॅटरी ‘नवी’ म्हणून घेण्यात अर्थ नाही.

एक अपवादही सांगतो. जुन्या कार्डांत बॅटरीचं ‘लर्न सायकल’ असतं. ठरावीक दिवसांनी कार्ड बॅटरी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरतं, तिची क्षमता मोजायला. तेवढे काही तास राइट-थ्रू असतं, मग आपोआप राइट-बॅक परत येतं. तुमचा त्रास दर दोन-तीन महिन्यांनी अर्धा दिवस येऊन जात असता तर मी याच्याकडे बोट दाखवलं असतं. सलग तीन आठवड्यांच्या त्रासाला हे कारण बसत नाही.

यावरचा एक झटपट उपाय तुम्हाला कोणीतरी सुचवेलच: एडब्ल्यूबी लावा, बॅटरीकडे दुर्लक्ष करा, वेग लगेच परत येईल. वेग खरंच परत येतो. पण मग पोस्टग्रेसला ‘पक्कं लिहिलं’ असं सांगितलेला डेटा बिनआधाराच्या रॅममध्ये असतो. ‘आमच्याकडे यूपीएस आहे’ हे उत्तर मला पटत नाही. सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळाला, मदरबोर्ड बसला, कोणाच्या पायात वायर अडकली, तर यूपीएस काय करणार? आणि नुकसान शेवटचं एखादं बिल जाण्यावर थांबत नाही. कॅशमध्ये फाइलसिस्टीमचे आणि इंडेक्सचे तुकडेही असतात. त्यातले काही डिस्कवर पोचले, काही नाही, अशा अवस्थेतला डेटाबेस सुरूच होईल याची शाश्वती नसते. नुसती तपासणी म्हणून, कामाची वेळ नसताना, डेटाबेस बंद ठेवून, बॅकअप हातात असताना दहा मिनिटं एडब्ल्यूबी लावून लेखनाचा वेग मोजा. मग परत राइट-थ्रूवर आणा, कॅश रिकामी होऊ द्या आणि मगच डेटाबेस सुरू करा. निदान पक्कं करायला याचा उपयोग होतो. बॅटरी येईपर्यंत दिवस ढकलायला हा उपाय वापरू नका. तेवढे दिवस मोठ्या फाइल्सची उचल-टाक रात्री करा, आणि बिलिंगवाल्यांना एकाच कमिटमध्ये सबंध बिल लिहिता येतं का ते विचारा. बराच दिलासा मिळेल.

एडब्ल्यूबीला हात न लावताही निदान तपासता येतं. पोस्टग्रेसबरोबर पीजी-टेस्ट-एफसिंक नावाचं छोटं साधन येतं. डेटा ज्या डिस्कवर आहे तिथल्या एका नव्या, तात्पुरत्या फाइलचं नाव देऊन ते चालवा, आधीपासूनच्या फाइलचं नाही. चालू राइट-बॅक असलेल्या कार्डावर सेकंदाला हजारोंच्या घरात आकडा येतो. शंभराच्या आत आला तर कॅश काम करत नाहीये, दुसरं काही शोधायची गरज नाही.

समजा कॅश ठणठणीत निघाली. मग माझी नजर एखाद्या आजारी डिस्कवर जाईल. ॲरेतला एक पट्टा सगळ्या डिस्कवर पसरलेला असतो, त्यामुळे काम पूर्ण होतं ते सर्वांत मंद डिस्क उत्तर देते तेव्हा. पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी उठत नाही, तसंच. सात डिस्क दहा मिलिसेकंदांत मोकळ्या होतात आणि आठवी एक सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते. शेवटी ती उत्तर देते, म्हणून कार्डाच्या लेखी ती ‘ऑनलाइन’च असते आणि दिवा हिरवाच राहतो.

ती ओळखायची माझी पहिली पद्धत अगदी साधी आहे. सर्व्हरसमोर बसून दिवे बघायचे. ॲरेवर एकसारखं काम टाका, म्हणजे मोठी फाइल वाचायला लावा, आणि दोन-चार मिनिटं नुसतं बघत राहा. निरोगी डिस्कचे कामाचे दिवे जवळजवळ एका तालात लुकलुकतात. आजारी डिस्कचा दिवा बाकीचे विझलेले असतानाही पेटलेला राहतो, कारण ती अजून आपल्याच कामात अडकलेली असते. मग त्या स्लॉटचे आकडे काढायचे. कार्डाच्या माहितीत प्रत्येक डिस्कपुढे ‘मीडिया एरर’, ‘अदर एरर’ आणि ‘प्रेडिक्टिव्ह फेल्युअर’ असे तीन काउंट असतात. मीडिया एरर वाढत असतील तर पृष्ठभागच खराब होतोय. अदर एररच वाढत असतील तर डिस्कला दोष देण्याआधी केबल आणि बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात तो बोर्ड) बघा. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या साधनाला मेगारेडचा पर्याय आणि डिस्कचा नंबर दिला की कार्डाच्या आडचीही डिस्क वाचता येते. एसएएस डिस्कवर ‘ग्रोन डिफेक्ट लिस्ट’चा आकडा आणि एरर काउंटरचा तक्ता बघा. एकदा बघून भागत नाही. आज लिहून ठेवा, चार दिवसांनी परत बघा. जुना पण स्थिर आकडा मला चिंतेचा वाटत नाही, सरकणारा वाटतो.

अशी डिस्क सापडली तर ती सरळ ओढून काढू नका. मोकळी जागा किंवा हॉट स्पेअर (आधीच बसवून ठेवलेली जादा डिस्क) असेल तर कॉपीबॅक करा, काही ठिकाणी त्याला ‘रिप्लेस मेंबर’ म्हणतात. त्यात जुनी डिस्क ॲरेत असतानाच तिचा डेटा नवीवर उतरतो आणि पॅरिटीचं छत्र तेवढा वेळ कायम राहतं. रिबिल्डच, म्हणजे पॅरिटीवरून नव्या डिस्कवर डेटा पुन्हा बांधणं, करावं लागलं तर वेळेचा अंदाज ठेवा: ४ टीबी सेकंदाला १५० एमबीने लिहायला, दुसरं काहीही चालू नसताना, साडेसात तास लागतात. कामाच्या दिवशी याच्या दुप्पट-तिप्पट धरा.

डिस्क कोणत्या आहेत यावरही बरंच अवलंबून असतं. तुमच्या एसएएस आहेत म्हणता, ते चांगलं. पण मधल्या काळात कोणी एखादी डेस्कटॉपची साटा डिस्क बसवली असेल तर ती शोधून काढा. सर्व्हरच्या डिस्क खराब सेक्टरवर साधारण सात सेकंद झगडून हात वर करतात आणि पॅरिटीला काम करू देतात. डेस्कटॉपच्या डिस्क कितीतरी जास्त वेळ अडून बसतात. दुसरी अडचण एसएमआर डिस्कची. त्यात ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे सतत विखुरलेलं लेखन आलं की वेग कोसळतो. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या ‘रेड’ (म्हणजे लाल, इथे रेड ६ मधलं रेड नव्हे) या नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं जाहीर केलं होतं, आणि ती मालिका घरगुती नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवणुकीसाठी) विकली जायची. म्हणून डिस्क घेताना नुसती क्षमता बघू नका, मॉडेल नंबर घेऊन तिचं तंत्र तपासा.

पार्श्वभूमीला चालणारी कामं ही तिसरी शक्यता. पॅट्रोल रीड (खराब सेक्टर शोधायला डिस्क वाचणं) आणि कन्सिस्टन्सी चेक (डेटा आणि पॅरिटी जुळतात का ते बघणं) मेगारेडवर बहुधा आठवड्यातून एकदा सुरू होतात. ही दोन्ही बंद करायच्या मी विरोधात आहे. खराब सेक्टर रिबिल्डच्या वेळी कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. फक्त वेळ नीट लावा. पहाटे ३ ला लावलेलं काम कार्डाचं घड्याळ यूटीसीवर असेल तर आपल्याकडे सकाळी साडेआठला सुरू होतं आणि ऐन कामाच्या वेळी चालत राहतं. ‘शनिवारीच सर्व्हर रडतो’ अशी तक्रार आली की मी आधी हे घड्याळ बघतो.

मोजमापाबद्दल एक सूचना. तुम्ही डीडी कमांडने शून्यं लिहून वेग काढलाय असं दिसतं. थेट लेखनाचा पर्याय न लावता काढलेला आकडा अर्धाअधिक सर्व्हरच्या रॅमचा असतो. शिवाय सलग लेखनाचा एमबीमधला वेग डेटाबेसबद्दल फार थोडं सांगतो. डेटाबेसला एका छोट्या कामाला किती वेळ लागतो हे महत्त्वाचं. त्यासाठी आयओस्टॅट कमांड विस्तारित आकड्यांसह दर सेकंदाला चालवा आणि वाचनाचा अवेट (एका कामाला लागलेला सरासरी वेळ) व लेखनाचा अवेट वेगवेगळे बघा. वाचनाचा कमी आणि लेखनाचा खूप जास्त असेल तर कॅश. कामं थोडी असूनही दोन्ही जास्त असतील तर आजारी डिस्क. दोन्ही जास्त आणि कामंही भरपूर असतील तर ॲरे निरोगी आहे, भार वाढलाय. मग डेटाबेसकडे आणि रात्रीच्या रिपोर्टांकडे वळा, किंवा एखादा विसरलेला एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची जुनी स्थिती जपणारी प्रत) प्रत्येक लेखनाला दुप्पट काम लावतोय का ते बघा. ‘युटिल’चा रकाना शंभर टक्के दिसला म्हणून घाबरू नका. तो ॲरेकडे सतत काहीतरी काम होतं एवढंच सांगतो. आठ डिस्क एका वेळी आठ कामं करू शकतात हे त्याला कळत नाही.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. कार्ड आठ लेनच्या (मदरबोर्डशी डेटा नेणाऱ्या मार्गिकांच्या) स्लॉटमध्ये असूनही एक-दोन लेनवरच जुळलंय का, आणि एखादी डिस्क बाकीच्यांपेक्षा कमी लिंक स्पीडवर बोलतेय का, हे एकदा बघून घ्या. कार्ड काढून पुन्हा बसवल्यावर, सर्व्हर हलवल्यावर असं होतं. लिनक्सचा आयओ शेड्युलर, रीड-अहेड, फाइलसिस्टीमचं स्ट्राइपशी अलाइनमेंट हे सगळं खरं आहे, पण हे पहिल्या दिवसापासून जसं आहे तसंच असतं. तीन आठवड्यांपूर्वी अचानक बिघडलेल्या सर्व्हरवर मी तिथून सुरुवात करणार नाही. फर्मवेअर अपडेटचंही तसंच. एका वेळी एकच बदल करा, मोजा, लिहून ठेवा, मग पुढचा.

आता एसएसडी. तो सल्ला अगदीच वाया घालवायचा नाही, फक्त आजच्या बिघाडावरचा तो उपाय नव्हे. बॅटरी बदलून वेग परत आला आणि पुढच्या वर्षी कामाचा भार वाढणार असेल, तर मी आठही डिस्क फेकणार नाही. दोन सर्व्हर-श्रेणीच्या एसएसडी मिररमध्ये (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर) टाकून फक्त डेटाबेस त्यावर नेईन, आणि शेअर्ड फोल्डर याच ॲरेवर ठेवेन. त्या एसएसडींना वीज गेल्यावर डेटा सांभाळणारे स्वतःचे कॅपॅसिटर असलेच पाहिजेत. लॅपटॉपच्या स्वस्त एसएसडीला ते नसतात आणि एफसिंकच्या माऱ्यात तिचा वेग निराश करतो. शिवाय बऱ्याच हार्डवेअर रेड कार्डांतून ट्रिम (‘ही जागा रिकामी झाली’ हा एसएसडीला जाणारा निरोप) पलीकडे जात नाही, म्हणून थोडी जागा मुद्दाम रिकामी सोडा. एसएसडी नकोच असेल तर याच डिस्कवर रेड १० (डिस्कच्या जोड्या लावून प्रत्येकीची प्रत ठेवणं) हाही पर्याय आहे: जागा २४ टीबीवरून १६ होईल, पण लेखनाला सहाऐवजी दोनच कामं लागतील, म्हणजे तिप्पट क्षमता. अर्थात त्यासाठी सगळा डेटा बाहेर काढून ॲरे नव्याने बांधावा लागेल. कोणता रस्ता बरा, हे तुमचा डेटाबेस किती मोठा आहे आणि फोल्डर किती भरलंय यावर ठरेल. ते तुम्ही लिहिलेलं नाही.

तेव्हा आधी बॅकअप, मग करंट कॅश पॉलिसी, बॅटरीची स्थिती आणि लॉगमधली ती ओळ. या तिन्हींना अर्धा तासही लागणार नाही आणि सर्व्हर बंदही करावा लागणार नाही. बॅटरी बदलताना मात्र सर्व्हर पूर्ण बंद करून पॉवरच्या वायरी काढाव्या लागतील. नवी बसल्यावर ती चार्ज होईपर्यंत काही तास राइट-थ्रूच राहील, त्यामुळे सुरू केल्या-केल्या वेग दिसला नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका. काम शनिवारी संध्याकाळी केलंत तर सोमवारी सकाळपर्यंत करंट पॉलिसी बदललेली दिसायला हवी. ती बदलली नाही, किंवा सुरुवातीलाच कॅश चालू निघाली, तर व्हर्च्युअल ड्राइव्हची माहिती, आठही डिस्कचे एरर काउंट आणि कामाच्या वेळेतलं पाच मिनिटांचं आयओस्टॅट इथे टाका. सीरियल नंबर खोडून टाका, बाकीचं जसंच्या तसं असू द्या.